ट्रेडिंगच्या शिस्तीसाठी इतवारीची लाल वही

दिवाळीच्या वहीपूजनासाठी नागपूरच्या इतवारी-गांधीबागेत लाल कापडी बांधणीच्या वह्या येतात. त्यातली आखीव, 200 पानी खातेवही शेअरचे इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकायचे) किंवा दोन-चार दिवसांचे सौदे करणाऱ्यांनी जरूर घ्यावी. नफा-तोटा मोबाइलवर दिसतोच. ही वही आहे ती ऑर्डर टाकण्याआधी लिहायची.

डावं पान सौद्याआधीचं: वेळ, शेअर, खरेदीचा भाव, स्टॉपलॉस (तोटा थांबवायला विकायचा भाव), जोखीम, संख्या आणि एका ओळीत कारण. संख्या अंदाजाने टाकायची नाही, हिशेबातून काढायची. भांडवल 2 लाख असेल तर एका सौद्यात अर्धा टक्का, म्हणजे 1,000 रुपयेच पणाला. खरेदी 640 ला, स्टॉपलॉस 632 ला. फरक 8 रुपये, म्हणून 125 शेअर. त्यावर एकही नाही. ऑर्डरमागे 20 रुपये दलाली धरली, तर 80,000 च्या या सौद्याला, तो इंट्राडे असेल तर, एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर), जीएसटीसह जाऊन-येऊन सत्तर-ऐंशी रुपये लागतात. तेही तिथेच लिहावेत.

स्टॉपलॉस पेननेच लिहा. भाव 633 ला आला की 632 चे 628 करायला हात शिवशिवतात. मोबाइलवर ते दोन सेकंदांत होतं. वहीत मात्र खाडाखोड करावी लागते, आणि जोखीम 1,000 ची 1,500 झाली हे शेजारच्याच रकान्यात दिसतं. या वहीचा सगळ्यात मोठा गुण हाच.

उजव्या पानावर विक्रीचा भाव आणि ‘नियम पाळला?’ याचं उत्तर, फक्त हो किंवा नाही. नियम मोडून नफा झाला तरी ‘नाही’च लिहायचं. हात बिघडतो तो अशाच सौद्यांनी.

दिवसाला तीनच ओळी आखा, म्हणजे सौदेही तीनच. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या जुलै 2024 च्या अभ्यासात 2022-23 मध्ये रोख बाजारात इंट्राडे करणाऱ्या दहापैकी सात जण तोट्यात होते. वर्षाला 500 हून जास्त सौदे करणाऱ्यांत तर 80 टक्के.

वही कमी पडते ती एका जागी. लागोपाठ दोन स्टॉपलॉस लागले की ‘आता वसूलच करतो’ म्हणून दुप्पट संख्येने घुसणारा माणूस वही उघडतच नाही. त्याला जोडीला ब्रोकरचा किल स्विच, म्हणजे स्वतःचे सौदे बंद करायचं बटण, हवा. झिरोधा या ब्रोकरकडे तो दाबला की बाजाराचा तो विभाग (सेगमेंट) 12 तास उघडत नाही. सकाळी 11 ला दाबला तर 3:30 ची घंटा होईपर्यंत सुटका. खुले सौदे मात्र आधी मिटवावे लागतात.

कागद पातळ आहे, जेल पेनची शाई मागे उमटते; साधं बॉलपेन बरं. जमा-नावेचे रकाने अरुंद, कारणासाठी दोन जोडून घ्यावे लागतात. घेताना पानांवर नंबर छापलेलीच मागा, म्हणजे वाईट दिवसाचं पान फाडलं तर लपत नाही.