छोट्या ड्रिल मशीनवर मोठा जॉब : जोड-टेबल आणि रोलर स्टँडचं परीक्षण

बेंचवर बसणाऱ्या छोट्या ड्रिल मशीनचं टेबल साधारण १६० ते २०० मिमीचं असतं. स्पिंडलच्या (बिट फिरवणाऱ्या दांड्याच्या) मध्यापासून कॉलमपर्यंत (मागच्या उभ्या खांबापर्यंत) जेमतेम १०० ते १२५ मिमी जागा मिळते. अशा मशीनसाठी १८ मिमी प्लायचं ६०० × ३५० मिमीचं जोड-टेबल, सरकती फेन्स (जॉब, म्हणजे भोक पाडायची वस्तू, टेकवायची उभी पट्टी) आणि सोबत एक रोलर स्टँड (लांब जॉबला टेकू देणारा, माथ्यावर फिरता रूळ असलेला) असा संच मिळतो. यातलं टेबल जरूर घ्यावं. स्टँड मात्र घेऊ नये, निदान भोकं पाडण्यासाठी तरी नाही.

आधी टेबल. मधला बदलता ठोकळा ही यातली सगळ्यात कामाची गोष्ट. भोक आरपार जाताना लाकडाची खालची बाजू फाटते, ती इथे खालून दाबलेली राहते. ठोकळ्याखालच्या स्क्रूंनी त्याची उंची नीट जुळवून घ्या. तो अर्धा मिमी जरी वर राहिला तरी जॉब डुगडुगतो. फेन्स मजबूत आहे. ती टेबलाच्या कडेला अगदी समांतर लावण्यात वेळ घालवायची गरज नाही, कारण बिटपासून फेन्सपर्यंतचं अंतर बरोबर असलं की भोकांची रांग सरळच येते. त्यामुळे एक टोक आवळून दुसरं किंचित सरकवलं की अंतर पटकन जुळतं. फेन्सच्या खालच्या कडेला चुऱ्यासाठी खाच दिलेली नाही, ही खरी उणीव. भुसा तिथे साचतो आणि पुढचा जॉब फेन्सला टेकतच नाही. रंधा मारून ३ मिमीची तिरपी कड काढली की प्रश्न मिटतो.

बसवण्याआधी टेबल वरखाली करायचा हँडल पूर्ण फिरवून बघा. बऱ्याच मशीनवर तो रुंद प्लायला अडकतो. मग मध्ये पट्ट्या घालून जोड-टेबल उचलावं लागतं आणि तेवढी उंची कमी होते. धातूच्या कामाला हे टेबल काढून ठेवलेलं बरं. तेल प्लायमध्ये मुरतं आणि पुढच्या लाकडी जॉबला डाग पडतात.

पण टेबल रुंद झालं म्हणून त्याची ताकद वाढत नाही. खालचं बिडाचं टेबल कॉलमला एकाच बाजूने धरलेलं असतं. पुढच्या कडेवर वजन आलं की ते झुकतं आणि भोक तिरकं जातं. हे तपासायला चकमध्ये (बिट पकडणाऱ्या जबड्यात) सरळ सळई पकडा, टेबलावर गुण्या (काटकोन) उभा करून सळईला भिडवा आणि टेबलाची पुढची कड हाताने दाबा. सळई आणि गुण्या यांच्यात फट दिसली, तर तेवढीच चूक जड जॉबखाली होणार.

याचा इलाज संचात नाही, पण करायला सोपा आहे. मशीनच्या तळपट्टीवर एक लाकडी खांब उभा करा, त्याच्या वरच्या टोकाला नट बसवा आणि त्यात एम१२ (१२ मिमी व्यासाचा) बोल्ट घाला. बोल्टचं डोकं टेबलाच्या पुढच्या कडेखाली येऊ द्या, मधल्या भोकाखाली नको. बोल्ट टेकेपर्यंत फक्त बोटांनी फिरवा. एका फेऱ्यात १.७५ मिमी फरक पडतो, म्हणून पाना लावून पाव फेरा जरी ताणलात तरी टेबल जवळपास अर्धा मिमी वर ढकललं जाईल.

आता स्टँड. लोखंडाची १ मीटर लांब, १०० मिमी रुंद आणि १० मिमी जाड पट्टी साधारण ७.८५ किलो भरते. तिच्या टोकाजवळ भोक पाडायचं तर जवळपास सगळं वजन टेबलाबाहेर लटकतं, आणि दूरच्या टोकाला टेकू दिला तर निम्मा भार तो घेतो. म्हणजे टेकू हवाच. पण रोलर कशाला? करवतीवर जॉब सरकत राहतो, तिथे रोलर उपयोगी. भोक पाडताना जॉब जागचा हलायला नको असतो. रोलर जरा तिरका लागला की तो जॉब बाजूला ओढतो आणि सेंटर पंचची (भोकाच्या जागी ठोकलेली) खूण बिटखालून सरकते. शिवाय उंची एकाच चिमट्यावर टिकलेली, ती भाराखाली हळूहळू घसरते. सपाट माथ्याचा ठोकळा आणि दोन पाचरी यापेक्षा चांगलं काम करतात. लांब सरळ पट्टी टेबलावरून टेकूपर्यंत ठेवून उंची जुळवा. टेकू उंच झाला तर जॉब टेबलावरून उचलला जातो, आणि बुटका राहिला तर टेकवल्याचा उपयोगच नाही. एकदा जुळल्यावर टेबल वरखाली करू नका, भोकाची खोली क्विलनेच (स्पिंडलसकट वरखाली होणाऱ्या नळीनेच) साधा.

जॉबचा लांब भाग डावीकडे ठेवा आणि कॉलमच्या डाव्या बाजूला टेकवा. बिट आरपार निघताना अडकलं तर जॉब घड्याळाच्या दिशेने फिरू पाहतो. तसा ठेवलेला असेल तर तो कॉलमवर अडतो. उजवीकडे ठेवलेला जॉब तुमच्या पोटाकडे येतो. पातळ पत्रा आणि पितळ यांच्या बाबतीत हा धोका जास्त, म्हणून क्लॅम्पही लावाच. जोड-टेबलाच्या टी-ट्रॅकमध्ये (क्लॅम्प सरकवायच्या खाचेत) क्लॅम्प कुठेही बसतो, आणि या संचाची किंमत तिथेच वसूल होते.