बोलोन्याच्या फरशांवर सप्टेंबर ते मे: वॉकिंग शूजचा वापरानंतरचा अनुभव

पुण्याहून इटलीतल्या बोलोन्याला निघताना घेतलेले हे करडे, घोट्याखाली संपणारे, वॉटरप्रूफ अस्तराचे वॉकिंग शूज. कंपनीचं नाव देत नाही, कारण या धाटणीचे बूट बऱ्याच कंपन्या काढतात आणि मला बोलायचंय ते या धाटणीबद्दल. युनिव्हर्सिटीत जायला हेच, भाजी आणायला हेच आणि शनिवार-रविवारी मित्रमंडळींबरोबर गाव पालथं घालायलाही हेच. म्हणजे वापर रगडून झालाय.

दुकानात हे बूट 'ट्रेकिंगलाही चालतील' म्हणून विकतात. बोलोन्यात कस लागतो तो फरशीवर. इथे चालायचं म्हणजे पोर्टिकोखालून चालायचं: वरचे मजले खांबांवर पुढे आलेले, खालून रस्त्याच्या कडेने लोकांची वाट. 1288 च्या कायद्याने नव्या घरांना पोर्टिको सक्तीचा झाला, तोही घोड्यावरचा स्वार खालून जाईल इतका उंच. 2021 पासून हे पोर्टिको युनेस्कोच्या यादीत आहेत. गंमत अशी, की बहुतेक ठिकाणी जागा घरमालकाची आणि वहिवाट सगळ्यांची. मग फरशीही ज्याची त्याची. एका दारापुढे खडबडीत दगड, पुढच्या दारापुढे विटा, त्यापुढे घासून चकचकीत केलेलं मोझेक.

या मोझेकवरच बूट नापास होतो. कोरड्या दिवशी काही कळत नाही. पाऊस आला की लोक पोर्टिकोत शिरून छत्र्या झटकतात, आणि वर छप्पर असूनही खाली फरशी ओली. सोलच्या खाचा चिखलासाठी खोल कापलेल्या, रबर कडक. गुळगुळीत फरशीला टेकतो तो मधला थोडासाच भाग. नोव्हेंबरात मैत्रिणीशी बोलत वळताना उजवी टाच अशी सुटली की खांबाला मिठीच मारली. मैत्रिणीचे साधे, सपाट सोलचे कॅनव्हास बूट त्याच फरशीवर घट्ट उभे होते! डोंगरावर हेच उलट झालं असतं, पण बोलोन्यात डोंगर किती वेळा चढणार?

तसा एक चढ आहेच. सान लुकाच्या चर्चपर्यंत जाणारा पोर्टिको: 666 कमानी, जवळजवळ पावणेचार किलोमीटर. मेलोन्चेल्लोच्या कमानीपर्यंत सपाट, तिथून पुढे दम काढतो. दरवर्षी मे महिन्याच्या सुमारास मादोन्नाचं, म्हणजे मेरीमातेचं, चित्र वरून मिरवणुकीने शहरात आणतात. ही प्रथा 1433 मधली. त्या वर्षी पाऊस थांबेना, पिकं जायची वेळ आली, चित्र खाली आणलं आणि पाऊस थांबला, अशी श्रद्धा. या वाटेवर छप्पर मात्र 1674 मध्ये घालायला घेतलं. आमच्यातला सोलापूरचा मित्र धापा टाकत म्हणाला, "दिवे घाटात असं करा म्हणावं, वारकरी दुवा देतील." या चढावर बुटांनी पैसे वसूल केले. टाच जागची हलली नाही, चवड्याखालची गादी दबली नाही आणि उतरताना बोटं पुढे आपटली नाहीत. एरवी उतारावर माझ्या अंगठ्याचं नख हमखास दुखतं.

पियात्सा सान्तो स्तेफानोतही हेच. तिथे जमिनीत नदीतले गोल गोटे बसवलेत, पातळ सोल असेल तर प्रत्येक गोटा पायाला कळतो. पाहुणे मित्र चौकाच्या कडेच्या दगडी पट्ट्यांवरून चालत होते, मी खुशाल मधून. सान पेत्रोनिओ चर्चमध्ये खगोलशास्त्रज्ञ कास्सिनीने 1655 मध्ये जमिनीवर आखलेली मध्यान्हरेषा आहे. छताजवळच्या छिद्रातून आलेला उन्हाचा ठिपका माध्यान्हीला बरोबर त्या रेषेवर येतो. जानेवारीत त्याची वाट पाहत गार फरशीवर उभं राहिलो, तेव्हा जाड सोलची किंमत कळली. बाकीचे पाय आपटत होते. ठिपका मात्र सुरेख येतो, बघाच.

आसिनेल्ली मनोऱ्याच्या 498 लाकडी पायऱ्यांवर परीक्षा राहिली. शेजारचा कललेला गारिसेंदा 2023 पासून कुंपणात आहे आणि त्याच्यापायी हाही बंद. पदवीआधी हा मनोरा चढला तर पदवी मिळत नाही, असं इथली पोरं मानतात. चला, तेवढी तरी सोय झाली.

आता वॉटरप्रूफ अस्तर. त्याचे जादा पैसे मोजू नका. पावसात माणूस पोर्टिकोखालीच असतो, मग पाणी आत जाणार कुठून? उलट एप्रिलनंतर मोजे घामाने ओले होतात आणि बूट रात्रभर खिडकीत ठेवले तरी सकाळी वास राहतोच.

झीज: टाचेची बाहेरची कड तिरकी घासली. डाव्या बुटाचा पुढचा सोल मार्चमध्ये सुटायला लागला, तो इथल्या मोच्याकडून चिकटवून घेतला. शिवण शाबूत, लेस पहिल्याच. इनसोल चपटा झालाय, बदलावा लागेल.

दिवसभर दगडांवर भटकायला पाच पैकी चार, ओल्या फरशीवर दीड. घ्यायचेच असतील तर बिनअस्तराचे, मऊ रबराचे आणि उथळ खाचांचे बघा. नंबर अर्ध्याने मोठा घ्या, संध्याकाळपर्यंत पाय सुजतात. आणि नवे कोरे बूट घालून विमानात बसू नका, आधी आठवडाभर पुण्याच्या रस्त्यांवर चालवा. माझे सुरुवातीला टाचेला चांगलेच चावले होते.