ऑर्लिस्टॅट की अंबाझरीच्या चकरा
ताई, वजन कमी करायला ऑर्लिस्टॅटची गोळी घ्यावी की नागपूरच्या अंबाझरी तलावावर चालायच्या चकरा माराव्या, असं विचारलं ना, मी दोन्ही करून पाहिलं म्हणून सांगते. ऑर्लिस्टॅटची १२० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबत घ्यायची, ती खाण्यातलं साधारण ३० टक्के फॅट पचूच देत नाही, पण ते बाहेर तर पडणारच ना, तर्री पोहे नाहीतर सावजी खाल्लं की तेलकट जुलाब, लय त्रास होते, वरून ए, डी, ई, के व्हिटॅमिन कमी शोषले जातात. मनानं कोणतीच गोळी घेऊ नका, सिबुट्रामिन या वजन कमी करायच्या दुसऱ्या औषधावर हार्टच्या धोक्यामुळं २०११ मध्ये आपल्याकडं बंदीच आली.

चालण्यानं माझं महिन्याला एकच किलो उतरलं, पण गोळी सोडल्यावर आलं तसं परत आलं नाही. मी चालणंच धरलं, रात्री भाताऐवजी ज्वारीची भाकर अन् भाजी. मे मध्ये ऊन तापते, पहाटे साडेपाचलाच निघत जा.