'शिसं आढळले नाही' म्हणणारा रिपोर्ट आणि माझे 17,050 रुपये

आधीच सांगतो, मी बी.एस्सी. केमिस्ट्री आहे, काय हसायचं ते हसून घ्या.

आईच्या गुडघ्यांसाठी एका वैद्याच्या शिबिरातून गोळ्या घेतल्या, 4,850 ची डबी, तीन डब्या, 14,550. मी विचारलं पण, यात शिसं-पारा नाही ना? तर म्हणे, साहेब तुमच्यासारखे जागरूक लोकच विचारतात, तुमच्या बॅचचं टेस्टिंग करून देतो, 2,500 भरा. भरले. आठ दिवसांत पीडीएफ, वर लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचा लोगो, शिसं, पारा, आर्सेनिक, कॅडमियम चारही ओळींत 'आढळले नाही'. मी फॅमिली ग्रुपवर टाकला तो, ऐटीत.

आणि डबीच्या मागे बारीक अक्षरात तिसरा घटक होता 'नाग भस्म'. नाग म्हणजे शिसं हो! शिशाचं भस्म घातलंय आणि रिपोर्ट म्हणतो शिसं नाही. मी चष्मा लावून वाचलं होतं ते, वाटलं नागकेशरासारखं काहीतरी असेल. घटक आणि रिपोर्ट शेजारी ठेवून वाचा, एवढंच केलं असतं तर...

दीड महिन्यात आईचं पोट दुखायला लागलं, बद्धकोष्ठता, हिमोग्लोबिन 8.1. दोन डॉक्टर ॲसिडिटीच म्हणत राहिले, तिसऱ्या मॅडमनी विचारलं देशी औषध चालू आहे का. रक्तात शिसं 64 निघालं, 5 च्या आत हवं.

एवढा शिकलेला कसा फसलास म्हणणाऱ्यांनो, मी टेस्ट मागितली होती, पैसे भरून! लोगोखालचा टीसी नंबर, म्हणजे लॅबचा मान्यता क्रमांक, एनएबीएलच्या साइटवर फुकट बघता येतो हे कोणी सांगितलं होतं मला? रिपोर्टवरच्या लॅबला फोन केला तर म्हणे हा रिपोर्ट आमचा नाहीच.

पोलिस म्हणाले सिव्हिल मॅटर आहे, सरकारच्या औषध खात्याकडे जा. तिथले साहेब म्हणाले नाग भस्म शास्त्रोक्त आहे, शिसं असणारच, शिशाची 10 पीपीएमची (दहा लाख भागांत 10) मर्यादा फक्त वनस्पतींच्या औषधांना. मग रिपोर्टमध्ये 'नाही' कसं? ते लॅबला विचारा. अहो लॅब म्हणते आमचा नाही! मग पोलिसांत जा. तीन चकरा, दोन सुट्ट्या, अर्जाची पोच मागितली तर साहेब जेवायला गेले. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

वैद्याचा नंबर बंद. टेस्टचे पैसे औषध विकणाऱ्याच्या हातात देऊ नका, गोळी स्वतः लॅबला नेऊन द्या. आणि बिल घ्या, माझ्याकडे फक्त जीपेचे स्क्रीनशॉट आहेत.

काल परत औषध खात्यात गेलो, उरलेली अर्धी डबी तपासायला घेऊन. उघडलेली चालत नाही म्हणाले, सीलबंद आणा.