दस्त्यातला पारा

आमच्या घरातली पॉइंट थ्री सेव्हन फाइव्ह मॅग्नम रायफल आजोबांची. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकारीवर निर्बंध आले, तेव्हापासून ती कपाटातच. बाबांनंतर परवाना माझ्या नावावर झाला. वर्षातून दोनतीनदा मोठ्या बोअरची (जाड नळीच्या बंदुकांची) परवानगी असलेल्या रेंजवर न्यायची आणि मोजक्या गोळ्या मारायच्या, एवढाच तिचा वापर. पण गोळी सुटताना ती मागं खांद्याला लाथ अशी मारते की तिसऱ्या गोळीला ट्रिगर दाबायच्या आधीच माझे डोळे मिटायचे. कोल्हापूरची पोरं दुधाळीच्या रेंजवर घडतात, कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २०२४ ला पॅरिसहून पदक आणतो, आणि मी इथं डोळे मिटून गोळी मारतोय, याचं मला फार वाईट वाटायचं. त्याच दिवसांत एक माणूस भेटला.

पन्नाशीचा, बोलायला गोड. "दादा, दस्त्यात, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडात, पारा भरलेली नळी बसवली की सत्तर टक्के धक्का गायब. उद्यमनगरात लेथवर स्वतः बनवून घेतो. आधी मारून बघा, मग पैसे द्या." बघून पैसे द्यायचे म्हटल्यावर शंका कशाला घ्यायची, असं वाटलं.

तो रेंजवर आला. नळी बसवण्याआधी त्यानं मला बाकावर बसवून, पुढं वाकून दोन गोळ्या मारायला लावल्या. कानात नुसते फोमचे बोळे. खांदा सुन्न झाला. मग रायफलचा लाकडी दस्ता सोडवून तो घेऊन गेला. "लाकडाला कुठं परवाना लागतो?" म्हणाला. चार दिवसांनी दस्ता जोडून परत रेंजवर. या वेळी त्यानं मला उभं केलं, बोळ्यांवर मोठे इअरमफ चढवले, आणि "सेफ्टीसाठी" म्हणून खांद्याला जाड जेल पॅड बांधला. गोळी मारली, धक्का खरंच निम्म्यावर आलेला. मी तिथंच अठ्ठावीस हजार रोख दिले. पावती मागितली नाही.

इथं नीट लक्ष द्या, कारण धक्का कमी करायला त्यानं रेंजवर केलेली एकही गोष्ट खोटी नव्हती. बसून, पुढं वाकून मारलं की मागं जायला शरीराला जागा राहत नाही, सगळा धक्का खांदा खातो. उभं राहिलं की अख्खं शरीर मागं डोलतं, तोच धक्का जास्त वेळात पसरतो. आवाज कमी झाला की दचकणं कमी होतं, आणि दचकणं कमी झालं की धक्काही हलका वाटतो. पॅडचं तर सांगायलाच नको. हे सगळे उपाय खरे, जवळपास फुकट, आणि नळीशी त्यांचा काडीचा संबंध नाही.

पुढच्या वेळी मी एकटा गेलो. बसून, पॅडशिवाय दोन गोळ्या मारल्या, लाथ जशीच्या तशी. तिसऱ्या गोळीला दस्त्याच्या मानेवर, म्हणजे हातात धरायच्या बारीक भागावर, तडा गेला. त्यानं भोक इतकं खोल मारलं होतं की मानेजवळ लाकडाची भिंतच पातळ उरली होती. नळी काढून मी उद्यमनगरातल्या ओळखीच्या लेथवाल्याकडं कापली. आत वाळू आणि शिशाचे छर्रे, पाऱ्याचा थेंब नाही. लेथवाला नुसता माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

घरी येऊन हिशोब मांडला. साडेएकोणीस ग्रॅमची गोळी सेकंदाला ७७० मीटरच्या आसपास सुटते, वर पेटलेल्या दारूचा वायू. चार किलोच्या रायफलला साधारण ५२ ज्यूलचा धक्का बसतो. चारशे ग्रॅम वजन वाढवलं तर ४७. म्हणजे नळीत खरा पारा असता तरी फायदा वजनाचाच, दहा टक्क्यांच्या आतबाहेर. सत्तर टक्के निव्वळ वजनानं कमी करायचे तर रायफल तेरा किलोच्या वर न्यावी लागेल. हा हिशोब आधी मांडला असता तर आजोबांचा दस्ता वाचला असता, ही खंत अजून जात नाही.

तक्रार लगेच का केली नाही, हे सगळे विचारतात. शस्त्र कायद्यातल्या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात, आणि दुरुस्तीला परवाना लागतो. त्याच्याकडं तो नव्हता आणि मी विचारला नव्हता. पोलिसांत गेलो तर पहिला प्रश्न मलाच. त्याचा धंदा या भीतीवरच चालतो. शेवटी मी वकिलांना घेऊन पोलिसांत गेलो आणि सगळं लिहून दिलं. ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

आता परवानाधारक कारागिरानं दस्ता सांधून त्यावर चांगला रबरी पॅड बसवलाय. धक्का कमी करायला हलकी काडतुसं घरी भरून देतो असं कुणी म्हणालं तर लांब राहा. काडतूस भरायलाही परवाना लागतो, आणि दारू कमी पडून गोळी रायफलच्या नळीत अडकली तर पुढच्या गोळीला ती नळी फुटू शकते.

गेल्या महिन्यात सांगलीच्या एका तरुणानं मला अशाच पाऱ्याच्या म्हणवणाऱ्या नळीचा फोटो पाठवला. पाच हजार आगाऊ दिले होते, दस्ता अजून दिला नव्हता. मी त्याला एवढंच सांगितलं: आधी आणि नंतर, दोन्ही वेळा बसून मारणार, दोन्ही वेळा पॅड नाही, कानाला तेच, काडतूस तेच, असं नळीवाल्याला सांग. पोरानं सांगितलं. त्या दिवसापासून नळीवाला फोन उचलत नाही. पाच हजार गेले, दस्ता घरीच आहे.