झूम एफ ३ : सोलापूरच्या खटखटीत हा रेकॉर्डर कुठवर पुरतो

आधीच सांगतो, झूम एफ ३ हे आवाज रेकॉर्ड करायचं मशीन चांगलं आहे, पैसे वाया जात नाहीत. पण हे घेऊन “आता आवाजाचं टेन्शन संपलं” म्हणणाऱ्यांना एकदा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात नेऊन उभं केलं पाहिजे. मी लग्नं, संस्थांच्या डॉक्युमेंटरी, दुकानांच्या जाहिराती असं मिळेल ते शूट करतो, कॅमेरा पण मीच आणि साऊंड पण मीच, लै झालं तर बूम (माईक लावलेली लांब काठी) धरायला एक पोरगा, तर त्या हिशोबानं वाचा.

२०२२ साली आलेला हा डबा तळहातावर मावतो, सेलसकट २४२ ग्रॅम, दोन एक्सएलआर (तीन पिनांच्या जाड केबलचे) माईक लागतात आणि गेनचं, म्हणजे माईकचा आवाज कमी-जास्त करायचं, बटणच नाही. जुने साऊंडवाले हे बघून हसतात. आत प्रत्येक माईकला दोन-दोन कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे बनवणारे भाग) आहेत, एक बारीक आवाज पकडतो, दुसरा मोठा, आणि दोन्ही मिळून ३२-बिट फ्लोटची फाईल बनते. त्यामुळं शूट चालू असताना लेव्हल वर गेली म्हणून आवाज फाटत नाही, एडिटला बसल्यावर खाली ओढला की सगळं जागेवर.

याचा खरा फायदा सिद्धेश्वर यात्रेत कळतो. नंदीध्वजाच्या मिरवणुकीत एखादे आजोबा हळू आवाजात माहिती सांगत असतात, तेवढ्यात शेजारी हलगी सुरू होते आणि “हर्र बोला हर्र” चा गजर उठतो. साध्या रेकॉर्डरवर एक हात कायम गेनवर ठेवावा लागतो, इथं रेकॉर्ड दाबायचं आणि फ्रेमकडं बघायचं, एकट्या माणसाला यापेक्षा काय पाहिजे. मात्र आजोबांच्या बाराबंदीच्या, म्हणजे बंद बांधायच्या सदऱ्याच्या, आत कॉलर माईक लपवू नका बरं का, कडक सुती कापड आणि ते बंद इतके घासतात की बोलण्याइतकीच खसखस रेकॉर्ड होते. तिथं सरळ वर दिसेल असा लावा, दिसला तर दिसला. गड्ड्यातल्या, म्हणजे याच यात्रेच्या जत्रेतल्या, गर्दीत २.४ गिगाहर्ट्झच्या वायरलेसवर पण फार विसंबू नका, हजारो फोन आणि मधे माणसांच्या भिंती, सिग्नल तुटतोच. ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्डिंग होणारं मॉडेल असेल तर निदान बॅकअप राहतो.

आता कारखाना. यंत्रमागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर सहज असतो, कामगार एकमेकांशी हातवाऱ्यानं बोलतात. इथं एफ ३ आवाज फाटू देत नाही, शंभर टक्के खरं, पण माग आणि माणूस वेगळे करायचं काम त्याचं नाहीच ना! मागाचा आवाज बोलण्यापेक्षा मोठा असेल तर एडिटमध्ये दोन्ही एकत्रच वर-खाली होणार. लोकांना वाटतं शॉटगन माईक (समोरचाच आवाज जास्त पकडणारा लांबट माईक) लांबून बोलणं खेचून आणेल. तो बाजूचे चिरके आवाज कमी करतो, पण जाड घरघर त्याला फार अडत नाही, त्यात वर पत्रा, खाली फरशी, मागाचा आवाज चहूबाजूंनी आपटून समोरूनच आल्यासारखा माईकमध्ये शिरतो. तिथं साधा डायनॅमिक माईक, शुअर एसएम ५८ सारखा, अगदी तोंडाजवळ धरला तर शॉटगनपेक्षा बरा निकाल येतो. दिसायला न्यूज चॅनलसारखं दिसतं, चालतंय की.

आणि मालकाला “पाच मिनिटं माग बंद करा” म्हणून बघा एकदा, तोंडाकडं बघत राहतो तो. त्यापेक्षा मागाचा आवाज वेगळा भरून घ्यायचा, मुलाखत जेवणाच्या सुट्टीत नाहीतर ऑफिसात. हेडफोनवर शेडमध्ये उभं राहून काहीच ठरवू नका, कानावर बाहेरूनच एवढं आदळतंय, एक मिनिट रेकॉर्ड करून गल्लीत जाऊन ऐका. या मशीनच्या स्क्रीनवर वेव्हफॉर्म (आवाजाची रेघ) १०२४ पटीपर्यंत मोठा करून दिसतो, त्यानं पण फसायला होतं, रेघ जाड दिसली म्हणजे बोलणं कळतंय असं नसतं.

वाऱ्याचं पण तेच. हिप्परग्याच्या तलावावर किंवा भुईकोट किल्ल्याच्या बुरुजावर वारा थेट माईकच्या पडद्यावर आदळतो, माईकच गुदमरला तर पुढं ३२-बिट असो का अजून काही, काय उपयोग? नुसता फोम पुरत नाही, डेडकॅट, म्हणजे माईकवर चढवायचं केसाळ कव्हर, पाहिजेच, आणि तो रेकॉर्डरच्या किमतीपुढं काहीच नाही.

बॅटरी हा याचा नाजूक भाग. दोन एए सेल, आणि दोन्ही माईकना फँटम (केबलमधूनच माईकला जाणारी वीज) दिला की ते भराभर उतरतात. मी सेनहायझर एमकेई ६०० वापरतो, त्यात स्वतःचा एक एए सेल बसतो, म्हणून फँटम बंद ठेवता येतो. नाहीतर यूएसबी-सीला पॉवर बँक लावा, कमरेला पाऊच बांधला की झालं. मे महिन्यात ४२ डिग्रीत घरातली मुलाखत असेल तर कूलर बंद करायला लावतो तेव्हा घरचे शिव्याच देतात मनात, पण त्याची घोंघों एकदम जाते. कूलर बंद आहे तोवर खोलीची नुसती शांतता पण अर्धा मिनिट भरून घ्या.

टाइमकोड, म्हणजे आवाज आणि चित्र जुळवायला फाईलवर पडणारी वेळेची खूण, याच्यात स्वतःचा नाही, वेगळा ब्लूटूथ अडॅप्टर आणि जोडीला टाइमकोडचं यंत्र घ्यावं लागतं. मी रेकॉर्डरच्या लाईन आऊटमधून आवाज केबलनं कॅमेऱ्यात पण देतो, वर एक टाळी, रेझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये वेव्हफॉर्मवरून सिंक होतं. दोन कॅमेऱ्यांपर्यंत मला तरी काही अडचण नाही. फाईल ४८ किलोहर्ट्झला दोन ट्रॅकची तासाला साधारण १.४ जीबी, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात लग्न आरामात बसतं.

एक्सएलआरला लॉक आहे ते बेस्ट, वरातीत केबल ओढली गेली तरी सुटत नाही. पण केबलच बोगस असेल तर लॉक काय करणार, ऑनलाईन स्वस्तात घेतलेली माझी एक केबल हलवली की करकर करायची. भाड्याचं सामान मला पुण्याहून मागवावं लागतं, त्यामुळं ऐन वेळी कोण देणार, जास्तीची केबल बॅगेत ठेवतोच.

हातात पाच-दहा हजारच असतील आणि अजून धड माईक नसेल तर हे आत्ता घेऊ नका मालक, आधी माईक, डेडकॅट, केबल. माईक आहे, एकट्यानं शूट करताय, तर बिनधास्त घ्या. घेतल्यावर चार्जिंगचे सेल वापरणार असाल तर मेनूत जाऊन बॅटरीचा प्रकार निकेल मेटल हायड्राइड करून ठेवा, नाहीतर बॅटरी किती उरली ते चुकीचं दाखवत राहील.