पुठ्ठ्याची खोकी द्यायची कुणाला?

घरात खोक्यांचा ढीग साचला की पहिला विचार येतो तो कचऱ्याच्या गाडीत टाकून मोकळं व्हायचा. याहून सोपी वाट नाहीच. पण गाडीवरच्या माणसांना एवढं विचारून घ्या: सुका कचरा शेवटपर्यंत वेगळा राहतो की पुढे सगळं एकत्र होतं? ओल्या कचऱ्यात लडबडलेला पुठ्ठा कागद गिरणी सहसा घेत नाही. तुम्ही घरी कितीही निगुतीने वेगळा ठेवा, मेहनत वाया जाते.

रद्दी-भंगारवाल्याचं पोटच या मालावर चालतं. त्यामुळे तो पुठ्ठा कोरडा ठेवतो, गठ्ठे बांधतो आणि पुढच्या व्यापाऱ्याला विकतो. माल बऱ्यापैकी असेल तर मी डोळे झाकून हाच रस्ता सुचवेन. दोन-चार खोक्यांसाठी मात्र तो फेरी मारेलच असं नाही. थोडं साठवावं लागतं, तेही सपाट करून.

तिसरी वाट म्हणजे सुका कचरा स्वतः नेऊन द्यायचं संकलन केंद्र; ते जवळ असेल तरच परवडतं.

आता जरा एखाद्या खोक्याची कड फाडून बघा. दोन सपाट कागदांच्या मध्ये एक नागमोडी कागद दिसेल, बहुधा स्टार्चच्या खळीने चिकटवलेला. गिरणीत हे पाण्यात घुसळतात. खळ सुटते, लगदा होतो, टेप आणि पिना गाळणीत अडकतात. म्हणून टेपचा तुकडा राहिला तर जीवाला लावून घेऊ नका. तेल मात्र धाग्यांत मुरतं आणि नव्या कागदावर डाग पाडतं. मेणाचा किंवा प्लास्टिकचा थर असलेली खोकीही या ढिगात नकोत.

तेलकट, मळका पुठ्ठा मग खतात घाला. बारीक तुकडे करून ओल्या कचऱ्यात मिसळला की जादा ओल शोषून घेतो, वासही कमी येतो. चकचकीत छपाईचा तेवढा वगळा.

आणि धडधाकट खोकं? ते घर बदलणाऱ्याला द्या. दर वेळी लगदा करून नवा कागद बनवताना धागे तोकडे होतात, फेऱ्या वाढत गेल्या की त्यांतला दम कमी होतो. आहे तसं वापरलं तर ती फेरी वाचते.

घेणारा कुणी सापडतच नसेल तर रोज माल उतरणाऱ्या दुकानात विचारा. त्यांची रिकामी खोकी कुणीतरी नेतंच. तो माणूस त्याच फेरीत तुमचीही नेईल का, बोलून बघा.